राखणदार नसलेलं रक्त

पुणे, दवाखान्याची ओसरी
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९४६

दादा,

ठकूचं पत्र आहे. नाव ऐकून परत धाडू नका. आधी काम ऐका, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. साडेपाच वर्षं म्या विंझरला पाऊल टाकलं न्हाई, आताबी टाकत न्हाई. एकच विचारायचंय.

आई गेली तेव्हा तिचा पाय कसा होता?

मी सहा वर्षांची होते. वाकळेखाली एक मांडी मोठी आन एक बारीक दिसत होती, एवढंच आठवतं. मग आत्यानं मला हाताला धरून बाहेर काढलं. तुमी अकरा-बारा वर्षांचे होता, तिला कुशीवर वळवायला तुमी होता. पाय पांढरा होता का काळा? डावा का उजवा? बाळंत झाल्यावर कितव्या दिवशी सुजला? हितल्या डॉक्टरला पायजे.

कशाला ते सांगते. माझी अंबू आमच्याकडं भोरला बाळंत झाली. मुलगी झाली, पोरगी चांगली आहे. नवव्या दिवशी अंबूच्या डाव्या पोटरीत कळ आली. दहाव्या दिवशी जांघेपासून घोट्यापर्यंत पाय सुजून पांढरा, तकतकीत. बोट दाबलं की खड्डा. म्या बघितला आन ओळखला. तसला पाय म्या आदी बघितलाय. तुमची थोरली, माझी सून, बाळाबाई, तिचा. आता म्या नाव लिहिलं. पुढं ऐका.

सर्व्हिस मोटारीत आडवी घालून अंबूला पुण्याला आणली. डॉक्टर म्हणतो पायाच्या शिरेत रक्त घट्ट बसलंय, त्याचा तुकडा सुटून छातीत गेला तर संपलं. ते वाढू नये म्हणून सुई देतात. हेपरिन का कायसं नाव आहे, विलायतेहून येतं, एवढुशा बाटलीत. सुई दिल्यावर दंडातलं रक्त काचेच्या नळीत घेतात आन नर्स घड्याळ बघत नळी कलती करती. औषध लागू झालं तर रक्त वीस मिनिटं तरी पातळ राहायला पायजे. अंबूचं सातव्या मिनिटाला थिजतंय. नळी उलटी केली तरी हलत न्हाई, विरजलेल्या दह्यावाणी. दुप्पट औषध दिलं तरी तेच. म्या विचारलं, औषध शिळं आहे का. डॉक्टर म्हणाला, ह्याच बाटलीतलं पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला दिलं, त्याला लागू पडलं.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, घरात आणखी कुणाचा पाय असा सुजला होता का. मी न्हाई म्हणाले. शेजारी रतनबाई उभी होती, अंबूची सासू, कापूरहोळची. तिच्यापुढं हो म्हणाले असते तर तिनं गावभर केलं असतं की भोरकरणीनं नासक्या रक्ताची पोर आमच्या गळ्यात मारली. दोन दिवस म्या तोंड दाबलं. तिसऱ्या दिवशी एकटी जाऊन सांगितलं, माझी आई आन माझी सून. डॉक्टरनं चष्मा काढला. म्हणाला, सून म्हणजे परक्या घरची, तिचा काय संबंध? म्हणलं, परकी कशी, भावाची लेक आहे, आमच्यात भाची सून करून आणतात. तो लिहायला लागला. आईचा कोणता पाय विचारलं तर मला सांगता येईना.

ते ठावं असणारे आता तुमी एकटेच उरला. एक कार्ड टाका.

भोरच्या बाजारात कळलं की तुमच्या धाकट्या लेकीला, भिमाला, दिवस गेलेत. कितवा आहे?

ठकू

पुणे
सोमवार, २५ नोव्हेंबर १९४६

दादा,

पत्र परत आलं. वर पोस्टमननं "घेत नाही" लिहिलंय. म्हणून आता दोन्ही पत्रं एका पाकिटात घालून गेनबाच्या दुकानाच्या पत्त्यावर धाडते.

गेनबा, हे तुला. तू दादाची पत्रं वाचतोस, मला ठावं आहे. तू पत्र वाचताना आवडेल ते मोठ्यानं वाचतोस आन जड जाईल ते गिळतोस, हेबी ठावं आहे. साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरं शिकले ती उगं न्हाई, एकेक ओळ जीव काढून लिहिलीय. सगळं वाच. दादा उठून चालला तर त्याच्या मागं चालत वाच.

दादा, अंबू वाचली. काल भिंतीला धरून उभी राहिली. पण कशी वाचली ते ऐकलंत तर तुमचंबी डोकं फिरेल, माझं तर फिरलंयच.

डॉक्टर म्हणाला तिला कुणाचं तरी रक्त देऊन बघू, मला एक शंका आहे. मी आदी बसले. आईपेक्षा जवळचं कोण? नऊ महिने माझ्याच रक्तावर वाढली ती. रतनबाईबी म्हणाली आईचंच द्या. जावई मानसिंग जत्रेत कुस्त्या मारतो, तो सुई बघून भुईला बसला, आन त्याचं रक्त जुळलंबी न्हाई. माझं बाटलीभर घेतलं, अंबूला चढवलं, वर सुई दिली. नर्सनं नळी धरली. आठव्या मिनिटाला थिजलं. मला वाटलं माझ्यातच काय खोट आहे.

दुसऱ्या दिवशी रतनबाईचं घेतलं. बसता बसता मला म्हणाली, "लेक तुमी दिली, आता तिला चालवायला रक्तबी आमीच घालायचं." म्या गप ऐकून घेतलं, आयुष्यात पयल्यांदा. मग अंबूला सुई दिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, नर्स नळी कलती करती आन रक्त पाण्यासारखं हलतंय. एकोणीस मिनिटं. नर्स पळत डॉक्टरकडं गेली. तिसऱ्या दिवशी आणखी एक बाटली रतनबाईचीच. सूज थांबली.

मी विचारलं हे काय गौडबंगाल. परकीचं रक्त चालतं आन आईचं चालत न्हाई? डॉक्टरनं सांगितलं ते असं. रक्ताला थिजायची खोड असतीच, म्हणून तर जखम बंद होती. पण अंगात त्याच्यावर राखणदार असतो, तो नको तिथं थिजू देत न्हाई. हे विलायती औषध स्वतः काय करत न्हाई. ते राखणदाराच्या हातात गोफण देतं. राखणदारच न्हाई तर गोफण माळ्यावर पडून राहती, पाखरं खायचं ते खातातच. अंबूच्या रक्तात राखणदार कमी असावा. माझ्यातबी कमी असावा, म्हणून माझं घालून उपयोग झाला न्हाई. रतनबाईच्यात भरपूर आहे. तिच्यात सगळंच भरपूर आहे म्हणा.

मग मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, मला चार बाळंतपणं झाली. पाय सोडा, माझं बोट सुजलं न्हाई. माझ्यात राखणदार न्हाई तर मी हितं कशी? तो म्हणाला, "बाई, मला माहीत नाही. हे माझ्या पुस्तकात नाही, मी अंदाजानं बोलतोय." एवढी पुस्तकं वाचून अंदाज. मला राग आला. पण औषध दिलं तर लागू पडंना आन रक्त दिलं तर लागू पडलं, हे म्या डोळ्यांनी बघितलंय.

आता जोडून बघा. आईकडनं तुमच्यात आन माझ्यात. माझ्याकडनं अंबूत. तुमच्याकडनं बाळाबाईत. आन भिमात असंल का न्हाई, कुणाला ठावं.

कार्ड टाका.

ठकू

भोर
शुक्रवार, १३ डिसेंबर १९४६

दादा,

गेनबाचं कार्ड मिळालं. कार्ड भरून लिहिलंय, त्यातलं अर्धं त्याच्या दुकानाचं. आईचा डावा पाय, पांढरा, अकराव्या दिवशी, हे कळलं. डॉक्टरला कळवलं. तुमी ऐकलं आन घरी गेला, हेबी कळलं.

पण शेवटी गेनबानं सहज लिहिलंय की भिमाला आठवा लागलाय आन वहिनींनी तिला सातव्यापासनं बाजेवरनं उतरू दिलं न्हाई, तांब्याबी उचलू देत न्हाईत, कारण बाळाबाईला कामानं मारली तसं हिचं होऊ नये. ते वाचून मी भाकरी तव्यावर टाकून उठले.

गेनबा, दुकानात माणसं असतील तर बाहेर काढ. हे बायकांचं आहे. दादाला आन वहिनींना घरी जाऊन वाचून दाखव, वहिनी दाराआडनं ऐकतील.

दादा, बाळाबाईच्या दहाव्याला तुमी आमच्या अंगणात उभं राहून बोललात. माझ्या लेकीला राबवून मारली, बाळंतीण चार दिवसांत जात्यावर बसवली. माझ्या कुंडलिकनं, तुमच्या जावयानं, तुमचा हात धरला न्हाईतर तुमी मला मारलं असतं. म्या कुलदैवताची शपथ घेतली की तिचं पाऊल भुईला लागू दिलं न्हाई. तुमी थुंकून गेलात. नंतर महिन्यानं तिचं पोरगंबी गेलं, तेव्हाबी आला न्हाईत.

शपथ खरी होती. तेच आता सांगायचंय.

मला बाळंतपणं झाली तेव्हा माहेरी आई न्हाई, हितं सासू न्हाई. चौथ्या दिवशी मी जात्यावर, सातव्या दिवशी ओढ्यावर धुणं. रडले लई. मनात बांधलं होतं की माझ्या भावाची लेक माझ्या घरात बाळंत होईल तेव्हा तिला राणीवाणी ठेवीन. ठेवली. बाजेवर निजवली, खाली शेगडी, पोट आवळून बांधलं, मांड्याबी बांधल्या अंग भरून यावं म्हणून. उठू लागली तर म्या दाबून निजवली. "आत्या, पाय मोकळा करू द्या," म्हणायची. म्हणलं, नीज, तुझ्या आत्याला हे सुख मिळालं न्हाई. वीस दिवस, दादा. एकविसाव्या दिवशी बसल्या जागी धाप लागली आन गेली.

डॉक्टर म्हणतो निजून राहिलं की पायातलं रक्त बसून राहतं. राखणदार धड असला तर भागतं. कमी असला तर तेवढंच पुरं होतं. मी विचारलं, म्हणजे मला जात्यानं वाचवलं? म्हणाला, असेल. आता मी रात्रंदिवस ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याचे उपकार मानायचे का काय, मला समजत न्हाई. हसू येतं.

समजत न्हाई ते जाऊ द्या. करायचं ते सांगते. भिमाला आजच बाजेवरनं उतरवा. रोज चालवा, घाम येईस्तोवर न्हाई पण चालवा. बाळंत झाल्यावर दुसऱ्या दिवशी बसवा, तिसऱ्या दिवशी उभी करा. मांड्या बांधू नका. पोटरीत कळ आली तर चोळू नका, शेकू नका, देवऋषी बोलवू नका. डोलीत घालून सडकेला आणा आन मोटारीत घालून पुण्याला न्या, त्याच दवाखान्यात. मी भोरवरनं निघून येते.

वहिनी मला खुनी म्हणतात. म्हणू देत. पण भिमाला उठवा.

ठकू

भोर
रविवार, १२ जानेवारी १९४७

दादा,

गेनबाच्या हातनं का होईना, तुमचं पत्र आलं. तुमच्या बोलण्यातले खाकरेसुद्धा त्यानं लिहिलेत, त्यामुळं तुमचंच आहे ह्याची खात्री पटली.

वहिनी ऐकत न्हाईत, पण तुमी सकाळी भिमाला खळं बघायला चल म्हणून नेता आन लांबनं फिरवून आणता, हे वाचून बरं वाटलं. नवरा-बायकोत एवढी लबाडी चालती.

तुमी विचारलंय, रक्तच वाईट असंल तर बाळाबाईला तू मारलीस का न्हाई ते सरळ सांग. दादा, सरळ असतं तर म्या पयल्या पत्रात सांगितलं असतं. एक दिवस वाटतं आईनंच सगळ्यांना देऊन ठेवलं होतं, माझा काय दोष. दुसऱ्या दिवशी वाटतं तेच रक्त घेऊन पोरगी माझ्यावाणी चार पोरांची आई झाली असती, तिला निजवली कुणी? डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो दोन्ही. दोन्ही म्हणजे किती किती, ते तो सांगत न्हाई.

दुसरं. रक्त लागलं तर मी देईन म्हणताय. तुमचं चालणार न्हाई. वाईट वाटून घेऊ नका, माझंबी चाललं न्हाई. तुमी आन मी एका आईचे. भिमाला रक्त लागलंच तर ते वहिनींचं चालेल, जुळलं तर. त्या दुसऱ्या घरच्या आहेत. हे त्यांना तुमीच सांगा. माझ्या तोंडून त्यांनी ऐकायचं न्हाई.

ठकू

भोर
गुरुवार, २७ फेब्रुवारी १९४७

वहिनींस,

हे पत्र तुमाला आहे, दादाला न्हाई. गेनबा, हे वहिनींना एकटीला वाचून दाखव आन कुठं बोलू नकोस. बोललास तर मी विंझरला येईन.

वहिनी, परवा तुमी भिमाला घेऊन मोटारीत बसलात. दोन आठवडे आपण दोघी दवाखान्यात एका बाकावर होतो आन तुमी माझ्याशी बोलला न्हाईत. माझी तक्रार न्हाई. भिमा विंझरला बाळंत झाली, मुलगा झाला, सहाव्या दिवशी पोटरी दुखली आन दादानं दुपार व्हायच्या आत तिला डोलीत घातली. हे माझ्या पत्रामुळं झालं असं मला वाटून घ्यायचंय, तेवढं घेऊ द्या. सुई दिली, लागू पडली न्हाई. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. दादानं सदऱ्याची बाही वर केली, ती म्या खाली ओढली. तेव्हा तुमी पदर खोचून रक्त घ्यायच्या खाटेवर जाऊन निजलात, कुणी न सांगता. तुमचं रक्त तिच्या अंगात गेल्यावर नर्सनं नळी धरली तेव्हा तुमाला घड्याळ कळत न्हाई तरी तुमी त्याच्यावरची नजर काढली न्हाई. एकवीस मिनिटं झाली. दादा बाहेर जाऊन रडला. तुमी न्हाई, मीबी न्हाई.

मग परवा मोटारीत पाय ठेवता ठेवता तुमी मागं वळून विचारलंत, "वन्सं, बाळाबाई पाणी मागत होती का?"

मोटार सुटली. सुटली नसती तरी म्या उत्तर दिलं नसतं. भिमा मागत होती म्हणून तुमाला सुचलं, मला कळलं. आन डॉक्टर तुमच्यादेखत भिमाला तांब्याच्या तांब्या पाजत होता, ते बघून तुमी कायतरी जुळवत होता, तेबी मला दिसत होतं.

वहिनी, डॉक्टरनं मला हे नोव्हेंबरातच सांगितलं होतं. अंग कोरडं पडलं की रक्त आणखी दाट होतं, बाळंतिणीला भरपूर पाणी द्या. डिसेंबरच्या पत्रात म्या सगळं लिहिलं, बाकी एक शब्द सोडला न्हाई, फक्त पाण्याचं लिहिलं न्हाई. लिहायला बसले होते. लिहिलं असतं तर तुमी हेच विचारलं असतं, जे परवा विचारलंत. म्हणून तुमीबी आपल्याकडच्या रिवाजानं भिमाला सहा दिवस अर्धी अर्धी वाटी उकळलेलं पाणी दिलंत आन सहाव्या दिवशी तिचा पाय बिघडला. पाण्यावाचून बिघडला का रक्तानंच बिघडायचा होता, म्या डॉक्टरला तीनदा विचारलं. एकदा म्हणाला हो, एकदा म्हणाला नसेल, एकदा म्हणाला बाई, तुम्ही घरी जा. आता विचारायचं म्या सोडलंय. मला ह्यातलं काय बी धड कळलेलं न्हाई आन कळेल असं वाटत न्हाई.

एवढं कळतं की भिमाचे चाळीस दिवस अजून भरायचेत. तिच्या उशाशी पाण्याची घागर ठेवा. मागेल तेव्हा द्या, न मागता द्या. शेजारच्या बायका म्हणतील पोट सुटंल, थंडी भरंल. त्यांना माझं नाव सांगा, म्हणावं ठकूबाईनं लिहून दिलंय.

दादाला हे सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा. सांगितलंत आन त्यानं परत माझं नाव टाकलं तरी माझं काय म्हणणं न्हाई.

तुमी विचारलंत त्याचं उत्तर. मागत होती. पयल्या दिवसापासनं मागत होती. मी दिवसातनं दोन वाट्या देत होते, मोजून. नंतर तिनं मागायचं सोडलं. एका दुपारी कपाळावर ठेवलेली ओली पट्टी तिनं तोंडात धरलेली म्या बघितली, आन म्या ती काढून घेतली.

ठकू